वाहनाचा टेकू

मोटारसायकल घेताना मनुष्य तिचा रंग पाहतो, आवाज ऐकतो, लिटरला किती धावते हे चार जणांना विचारतो. परंतु ती घरी उभी कशी राहणार, हा प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. आमच्या पुतण्यालाही तो सुचला नव्हता. नव्या वाहनाची पूजा मंगेशीला झाली, हार पडले, चाकाखाली लिंबू चिरडले गेले, आणि वाहन अंगणात आल्यावर ध्यानी आले की तिला डबल स्टँडच नाही. हल्ली पुष्कळशा वेगवान मोटारसायकली केवळ एका बाजूच्या स्टँडवर विकल्या जातात. वजन वाचावे आणि वळणावर वाहन कलले असता खाली काही घासू नये, असा त्यामागे हिशेब. रस्त्यावर तो बरोबरच असेल. घरी चेन धुवायला बसले म्हणजे मात्र तो जुळेनासा होतो.

कारण साइड स्टँडवर वाहनाची दोन्ही चाके भुईवर टेकलेली असतात, आणि मागचे चाक मोकळे फिरल्यावाचून चेन धुता येत नाही. गोव्यात हे काम टाळण्याजोगेही नव्हे. चार महिने पाऊस, चिऱ्याच्या मातीचा तांबडा चिखल, आणि वर्षभर समुद्रावरून येणारी खारी हवा. साधारण दर 500 किलोमीटरला चेन स्वच्छ करून तिला तेल द्यावे. पावसाळ्यात त्याच्याही आधी. रॉकेल, मऊ ब्रश, कोरडे फडके आणि 90 नंबरचे गिअर तेल, एवढी सामग्री पुरते. पेट्रोल मात्र वापरू नये. चेनच्या कड्यांत बसविलेली बारीक रबरी वर्तुळे त्याने खराब होतात. काही तरुण इंजिन चालू करून, गिअर टाकून, धावत्या चेनवर फडके धरतात. ते पाहून आमच्या अंगावर काटा उभा राहतो. फडके दात्यात अडकले तर बोट त्याच्या मागोमाग जाते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि चाक हातानेच फिरवावयाचे, याला आमच्या घरी अपवाद नाही.

आमची स्वतःची बुलेट जुनी, वजनाने सुमारे 190 किलो. तिचा डबल स्टँड लावताना नवखा मनुष्य दंडाचा जोर लावतो आणि कंबर धरून बसतो. वस्तुतः जोर पायाचा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकले आहेत ना, हे प्रथम पाहावे आणि मग त्याच्या दांडीवर शरीराचा सारा भार सोडावा. हाताने केवळ वाहनाला मागे यायची दिशा दाखवायची. स्टँडचे पाय उभ्या रेषेपर्यंत येतात तोवर वाहन वर उचलले जाते. ती रेषा ओलांडली की ते किंचित खाली बसते, आणि मग त्याचे स्वतःचेच वजन त्याला पडू देत नाही. ज्या कोणी कारागिराने हे प्रथम योजिले, त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो.

पुतण्याच्या वाहनासाठी बाजारात पाहिले. सर्वांत स्वस्त म्हणजे चाकाखाली ठेवायचे दोन रूळ. वाहन साइड स्टँडवरच कललेले राहते आणि मागचे चाक रुळांवर जागच्या जागी फिरते. चेनपुरते ते भागते. चाक काढायचे झाल्यास निरुपयोगी. कात्रीसारखा उघडणारा जॅक वाहन पोटाखालून उचलतो, पण तो चौकटीलाच लागला पाहिजे, इंजिनच्या तळाला वा धुराच्या नळीला नव्हे, आणि वर गेलेले वाहन दोन्ही बाजूंना डुलते. उरला पॅडॉक स्टँड. हा मागून येऊन, मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला दोन्हीकडून उचलतो. त्या दांड्याला आटे पाडलेली भोके असतील तर त्यांत बॉबिन बसवून स्टँडचे आकडे त्यांखाली अडकवावे. हे आटे 6, 8 वा 10 मिलिमीटरचे असतात; माप घेतल्यावाचून दुकानात जाऊ नये. भोके नसल्यास रबरी टेकूंचा स्टँड मिळतो, पण टेकू घसरू शकतात, म्हणून आमचा कौल बॉबिनकडेच.

परंतु स्टँड किती चांगला हे शेवटी जमीन ठरविते. आमचे अंगण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून उतरते केलेले. मेकॅनिक येऊन पाहून गेला आणि कोंकणीत एवढेच म्हणाला, "गाडयेक कितें ना बाब, तुमची जमीनूच देंवती." सपाट जागा काय ती तुळशीवृंदावनाभोवती, तेथे रॉकेलचा डबा आणायला मातोश्रींनी साफ नकार दिला, आणि त्यावर अपील चालत नाही. तेव्हा माडाच्या बाजूला चिरे बसवून, वर सिमेंट घालून, सहा फुटांचा सपाट तुकडा करविला. स्टँडपेक्षा त्यालाच खर्च अधिक आला.

एवढा खटाटोप एका चेनसाठी काय, असे बंधूंनी विचारले. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 126 अन्वये सार्वजनिक जागी वाहन सोडून जाताना ते आपोआप चालू लागणार नाही अशी तजवीज करणे बंधनकारक आहे. घरचे अंगण काही सार्वजनिक जागा नव्हे. तेथे हे कलम पोहोचत नाही. मात्र त्याच अंगणात आमची सहा वर्षांची कन्या खेळते, आणि ज्याला मूठ आहे अशा प्रत्येक वस्तूला ती लोंबकळते. दीडशे किलोंहून अधिक वजनाचे लोखंड तिच्या अंगावर येण्यास कोणत्याही कलमाची परवानगी लागत नाही. म्हणून स्टँडची परीक्षा आम्ही एकच मानली: मूठ धरून, मूल लोंबकळेल तितक्या जोराने, दोन्ही बाजूंना ओढून पाहावे. रूळ आणि जॅक या परीक्षेत आमच्या मनातून उतरले. पॅडॉक स्टँड उतरला नाही. तरी वाहन त्यावर असेपर्यंत कन्येने पडवीची पायरी उतरायची नाही, असा हुकूम आहेच.

त्याचे एक पथ्य मात्र कडक. वाहन प्रथम साइड स्टँडवरून सरळ उभे करावे लागते, आणि आकडे बॉबिनखाली जाईपर्यंत ते नुसते हातावर तोललेले असते. एकट्याने हे करणारे आहेत. आम्ही करीत नाही. एकाने मूठ धरावी, दुसऱ्याने स्टँडची दांडी दाबावी. पुढच्या ब्रेकची मूठ कापडी पट्टीने आवळून बांधावी, पुढच्या चाकाला लाकडी पाचर लावावी, म्हणजे मागचे चाक फिरविताना वाहन सरकत नाही. पुतण्या नोकरीनिमित्त पणजीला असतो. एखाद्या रविवारी तो आला नाही, तर स्टँड पडवीच्या खुंटीलाच राहतो, आणि चेनचे काम पुढच्या रविवारवर जाते.