हापसा

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला, तो सोबत रंगीत चिठ्ठ्यांचा एक भलामोठा गठ्ठा घेऊन. पिवळ्या, गुलाबी, पोपटी अशा त्या चौकोनी चिठ्ठ्यांच्या पाठीला थोडासा डिंक असतो. भिंतीवर टेकवली की चिकटते, ओढली की निघते. नरकचतुर्दशीपर्यंत माझ्या बाहेरच्या खोलीची एक सबंध भिंत त्यांनी झाकून गेली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आलेल्या शेजारणीने विचारले, "बाई, यंदा पताका आतून लावल्या का?"

पताका नव्हत्या त्या. ती भाच्याची नोकरी होती. लोकांशी व्यवहार करणाऱ्या संस्थांचे काम सुधारून देण्याचा त्याचा व्यवसाय आहे आणि त्या शास्त्राला डिझाइन थिंकिंग म्हणतात. आमच्याच जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेने त्याला बोलावले होते. त्याने मला त्या शास्त्राच्या पाच पायऱ्या बोटांवर मोजून दाखवल्या. आधी गिऱ्हाइकापाशी जाऊन बसायचे, त्याचे ऐकायचे, तो काय करतो ते पाहायचे. मग त्याची खरी अडचण कोणती ते नेमके ठरवायचे. मग सुचतील तेवढे उपाय मांडायचे, त्यातला एखादा स्वस्तात, कच्चा का होईना, करून पाहायचा, आणि शेवटी तो पुन्हा गिऱ्हाइकाच्याच हातात देऊन काय होते ते बघायचे.

"अरे, हे तर नव्या सुनेचे शिक्षण झाले," मी म्हटले. "सासऱ्यांना चहा किती गोड लागतो, धाकटा दीर भाकरी कडक खातो की मऊ, हे तिला कोणी लिहून देत नाही. ती बघत राहते, करून पाहते, बोलणी खाते आणि पुन्हा करते."

"आत्या, तुझ्या सुनेला त्याचे पैसे मिळत नाहीत," तो म्हणाला. हे मात्र खरे होते.

पण त्याच्या शास्त्राची थट्टा करावी असे मला वाटले नाही. उलट ते मला फार जुन्या ओळखीचे वाटले. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या सांगण्यावरून एक अहवाल लिहिला होता. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली ती त्याच अहवालाच्या पायावर. इतका मोठा देश हिंडून त्या दोघांनी सर्वांत मोठा मान दिला तो आपल्या लोट्याला! लोटा नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल याची त्यांनी यादीच केली: पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना त्याचा तोल कुठे असतो आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, हाताला तो कसा लागतो. लोटा कोणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यांनी घडवला आहे, हेही त्यांनी नोंदवले. आमच्या घरात त्या वेळी निदान सात लोटे होते, आणि त्यांच्याविषयी कोणी एवढा विचार करत असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

मला मात्र लोट्यापेक्षा हापसा जवळचा. पुण्यामुंबईचे वाचक त्याला हातपंप म्हणतील. आमच्या बीडकडे तो हापसा, आणि पाणी काढणे म्हणजे हापसणे. माझे माहेर पाटोदा तालुक्यातले, बालाघाटच्या माळावरचे. काळा खडक, वर वीतभर माती. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, शाळेत आम्हांला सुकडी मिळायची आणि घरात लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. त्या भाकरीची चव मी सांगणार नाही. सणाचे दिवस आहेत. विहिरींच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचे, आणि ती वाटी भरायला जो वेळ लागे त्यात माझा एक पाढा म्हणून होई.

त्याच सुमारास गावात खडक फोडणारे यंत्र आले. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफने हवेच्या दाबावर कठीण खडकात भोक पाडणारी अशी यंत्रे देशात आणायला सुरुवात केली होती. आमच्या गावातले यंत्र एक दिवस आणि एक रात्र गरजत होते. आधी करड्या धुळीचा लोट, मग चिखल, आणि मग एकाएकी पाण्याचा फवारा! म्हाताऱ्या माणसांनी त्या फवाऱ्याला हात जोडले. त्या भोकावर बिडाचा एक हापसा बसला. नारळ फुटला. तीन महिन्यांत हापसाही मोडला.

पुढे शिक्षिका झाल्यावर आणि मुलांना गणित शिकवू लागल्यावर मी त्या हापशाचा हिशेब मांडला. सरकारी मापाने अडीचशे माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज ४० लिटर पाणी. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. चांगला हापसा मिनिटाला साधारण ४० वेळा दांडा मारला असता १२ लिटर पाणी देतो. भागाकार करा: जवळजवळ चौदा तास, आणि दांड्याचे तेहतीस हजारांवर हेलकावे, रोज! आणि ते बिडाचे हापसे कशाच्या नमुन्यावर ओतलेले होते? युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणात जो पंप असे त्याच्या. तिथे एका कुटुंबाने सकाळी दोन बादल्या आणि संध्याकाळी दोन बादल्या काढायच्या. आमच्याकडे पहाटे चारला पहिली घागर लागे आणि रात्री दहाला शेवटची. मधल्या वेळात पोरे दांड्याला लोंबकळून झोके घेत. पंप वाईट नव्हता. तो दुसऱ्याच कोणासाठी केलेला होता.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या हापशांपैकी चारांतले तीन बंद पडलेले आढळले. लोक अडाणी आहेत, नीट वापरत नाहीत, असे म्हणून फाइल बंद करता आली असती, आणि तसे म्हणणारे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. पण आमच्या शेजारच्या जालन्याला मिशनच्या माणसांनी, आणि पुढे सोलापूरच्या कारागिरांनी, मोडके हापसे उघडून ते कुठे झिजतात ते पाहिले. झिजत होत्या त्या दांड्याच्या खिळी; पुष्कळ सांधे, आणि प्रत्येक सांधा सैल. त्यांनी बीड धातू टाकून पोलाद घेतले, सांधे कमी करून दांडा एकाच आसावर ठेवला, आणि आतली सळई सायकलीसारख्या साखळीने ओढली म्हणजे ती वाकडी न होता सरळ वर येते असे केले. सोलापूरचा तो हापसा डोळ्यांपुढे ठेवून युनिसेफने आणि मद्रासच्या कारखानदारांनी 'इंडिया मार्क टू' तयार केला. आधी कोइमतूरकडच्या गावांत बसवून तो वापरून पाहिला आणि मग, १९७७-७८ च्या सुमाराला, तो हजारांनी निघू लागला. पुढे तो आफ्रिकेपर्यंत गेला. जगातल्या कुठल्यातरी दूरच्या खेड्यात एखादी बाई ज्या दांड्याने पाणी काढते, त्याचे कूळ जालना-सोलापूरकडचे आहे, याचा मला विनाकारण अभिमान वाटतो.

आमच्या गावाला तो नवा हापसा १९८० च्या आसपास मिळाला. तोवर गावातली पोस्टकार्डे लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. 'हापसा नादुरुस्त आहे, तरी इसम पाठवावा ही विनंती.' ज्या कचेरीला ती जात तिचे नाव घेत नाही. उत्तर आलेच तर छापील फॉर्म येई. त्यात गाव, हापशाचा क्रमांक, बिघाडाचा प्रकार आणि तारीख असे रकाने होते. पाणी कोण काढते, असा रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अंबाजोगाईहून, म्हणजे कॉलेजातून, घरी आले होते. अर्धे गाव ऊसतोडीला जाण्याच्या तयारीत. बैलगाड्यांची चाके वंगणात, मुकादमाच्या उचलीचे हिशेब ओट्याओट्यावर. तशात एक तरुण ओव्हरसियर आला. याआधीचे साहेब सरपंचांच्या घरी चहा घेत, रजिस्टरवर सही करत आणि परत जात. हा मात्र हापशासमोरच्या लिंबाखाली सकाळी सहा वाजता येऊन बसला आणि दहापर्यंत हलला नाही. बायका बिथरल्या. माझ्या आईने तर पदर सावरून मोठ्याने विचारले, "कामून बसलाय हा बाप्या हितं?"

त्याला जे दिसले ते आम्हांला रोजच दिसत होते. हंडा धारेखाली नीट बसत नव्हता, कारण ओट्याला उतार चुकीच्या बाजूला होता. सांडलेले पाणी वाटेवर येऊन चिखल करत होते आणि तहानलेली जनावरे त्या चिखलात तोंड घालत होती. हे सारे त्याने वहीत लिहून घेतले. मग त्याने एका बाईकडे बोट केले. ती पलीकडच्या वस्तीतली, दलित वस्तीतली. पोटुशी होती, सातवा-आठवा महिना असावा. तिचा हंडा केव्हाच भरला होता. भरलेल्या हंड्याशेजारी ती उकिडवी बसून होती.

"या बाई का थांबल्यात?" त्याने विचारले.

कोणी बोलेना. दांडा वरखाली होत होता तेवढाच आवाज. शेवटी तिनेच सांगितले, "हात लावाया माणूस पायजे ना सायेब. आमच्यातलं कुनी येईस्तोवर बसायचं."

ज्यांनी डोक्यावरून पाणी आणलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. भरलेला हंडा कमरेला एकटीने घेता येतो. डोक्यावर घ्यायला समोरून दुसऱ्या कोणाचा हात लागतो. हापशावर दहा बायका उभ्या होत्या. पण त्या दहाजणींचा हात तिच्या हंड्याला लागणार नव्हता. हापशाचे पाणी सगळ्यांना सारखे, कारण ते सरकारचे. हंडा मात्र ज्याचा त्याचा.

ओव्हरसियरने भाषण केले नाही. मला त्या वेळी त्याचा रागच आला होता, त्याने काही बोलायला हवे होते असे वाटले होते. त्याने खिशातून टेप काढला आणि त्या बाईला उभे राहायला सांगून, लांबूनच, तिच्या कमरेपर्यंतची उंची मापली. मग माझ्या आईची मापली, मग आणखी चौघींची. पाच दिवसांनी तो गवंडी घेऊन आला. हापशाच्या बाजूला दगडांचा एक कट्टा झाला, छातीच्या थोडा खाली येईल इतका उंच. अर्धा भरलेला हंडा कट्ट्यावर ठेवायचा, कळशीने तो वर भरायचा, मग वाकून चुंबळीसकट डोके त्याखाली घालायचे आणि उभे राहायचे. हात लावायला कोणी लागत नाही. पहिला कट्टा दोन बोटे उंच झाला होता. बायकांनी सांगितले, त्याने वरचा थर काढवला. सांडपाण्याला नाली काढून खाली गुरांसाठी एक हौद बांधला. सगळ्याला मिळून किती खर्च आला असेल? दगड गावचेच होते.

त्या कट्ट्याने गावातली शिवाशिव गेली असे मी म्हणणार नाही. गेली नाहीच. गावातल्या बायकांनी तो कट्टा वापरण्याआधी त्यावर पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि ते काही वर्षे चालले. पण ती पोटुशी बाई दुसऱ्या दिवसापासून थांबली नाही. तिची ती रोजची अर्धी-पाऊण घटका तिला परत मिळाली. दगडांनी एवढेच केले. उरलेले काम दगडांचे नव्हते.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो लिहून घेत होता, गुलाबी चिठ्ठीवर. मग मी त्याला विचारले, "तू गिऱ्हाइकांना विचारलेस ते कुठे?" तो म्हणाला, "पतसंस्थेत, रांगेत उभे असलेल्यांना." मी म्हटले, रांगेत जो पोहोचला त्याची निम्मी अडचण सुटलेली असते. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, ती चारपाच महिने तुझ्या रांगेत दिसणारच नाहीत. आणि ज्या म्हाताऱ्या मागे राहतात त्यांच्या अंगठ्याच्या रेघा उसाने आणि खुरप्याने पुसून टाकल्या आहेत. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि खिडकीवरचा माणूस 'उद्या या' म्हणतो. त्या पायरीवर बसलेल्या असतात. तिथे जा, सकाळी सहाला. तो भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी गेला, आणि संध्याकाळी परत आला तेव्हा भिंतीवरच्या निम्म्या चिठ्ठ्या त्याने स्वतःच्या हाताने काढल्या. पुढे काय झाले ते त्याचे त्याला ठाऊक; त्याची पतसंस्था त्याला काय करू देते त्यावर ते आहे.

माहेरचा हापसा आता बंद आहे. तो मोडलेला नाही. मार्क टू साधारण दीडशे फुटांपर्यंतचे पाणी ओढतो, आणि विजेच्या पंपांनी व उसाने आमचे पाणी केव्हाच त्याखाली नेले. गिऱ्हाइकाला कितीही विचारा, खडकात नसलेले पाणी त्याने कुठून सांगावे? उन्हाळ्यात टँकर येतो. नळाचीही तोटी दारात आली आहे. तिला पाणी येते त्या दिवशी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. दांडा कोणीतरी भंगारात विकला. कट्टा मात्र शाबूत आहे. मागच्या मे महिन्यात गेले होते, तेव्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून त्यावर चार प्लॅस्टिकच्या घागरी ओळीने ठेवलेल्या होत्या, आणि कोणती कोणाची ते मला ओळखता येईना.