दार ठोठावणं आपलं काम

यंदाच्या जूनमधली गोष्ट. पटनोंदणीसाठी आम्ही तिघे शिक्षक वस्तीत फिरत होतो. उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्यांना हा फेरा नवा नाही. हातात रजिस्टर, पायात धूळ, आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न, “आपा, घर में छे साल का बच्चा है क्या?” उत्तरंही आता पाठ झाली आहेत. “हौ सर, है. पर उसको इंग्लिश में डाले.” “बच्चे के अब्बा घर में नै, बाद में आओ.” एका घरी तर आमचा सलाम पूर्ण व्हायच्या आत दार बंद झालं.

आमच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, आपण शिकवायला आलो की भीक मागायला?” त्या म्हणाल्या. मी हसून उत्तर दिलं, “मॅडम, दार ठोठावणं आपलं काम. उघडणं आपल्या हातात नाही.” त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं का?” मी म्हणालो, “नाही. जावा बेटावरच्या एका भातशेती करणाऱ्या माणसाकडून शिकलो.”

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. कारण त्या गोष्टीत माझी स्वतःची एक लाजिरवाणी बाजूही आहे. ती आज इथे लिहितो.

जानेवारी २०२० चा शेवटचा आठवडा होता. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत इंडोनेशियाहून एक जमात तीन दिवसांसाठी आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जमातीत निघणारा माणूस स्वतःच्या खर्चाने निघतो. प्रवासाचं भाडं स्वतःचं, जेवणाचा वाटा स्वतःचा, स्वयंपाकही आळीपाळीने स्वतःच करायचा. मुक्काम मशिदीत. त्यातले एक बुजुर्ग साठीच्या पुढचे होते. त्यांची मुलं, नातवंडं, शेती सगळं मागे होतं. कित्येक वर्षं पैसे साठवून ते निघाले होते. पूर्वी एकदा हिंदुस्थानात येऊन गेल्यामुळे मोडकंतोडकं उर्दू बोलत. सोबतची तरुण मुलं त्यांना ‘बापाक’ म्हणत. त्यांच्या भाषेत वडिलांना तसं म्हणतात. आम्हा मराठी बोलणाऱ्यांना हा शब्द लगेच आपला वाटला आणि तेही सगळ्या मोहल्ल्याचे बापाक झाले. मी शिक्षक असल्यामुळे मला ते ‘उस्ताद’ म्हणत.

असरच्या नमाजनंतर गश्त निघे. स्थानिक माणूस म्हणून मला रहबर केलं होतं. रहबरने पुढे चालायचं, दार ठोठावायचं, सलाम करायचा. बोलणारा एकच, बाकीच्यांनी नजर खाली ठेवून मनात अल्लाहचं स्मरण करायचं. दारासमोर नव्हे, बाजूला उभं राहायचं, म्हणजे घरात नजर जाऊ नये. कॅरम खेळणारी पोरं आम्हाला पाहून गल्लीच्या दुसऱ्या टोकाने निघून गेली. एकाने “अभी आतूं” म्हटलं आणि तो आलाच नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी आतूनच मुलाला सांगितलं, “बोल, अब्बा सोये.” बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू आलं. मला घाम फुटला. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांसमोर माझाच मोहल्ला असा वागत होता.

बापाकनी मात्र छातीवर हात ठेवला, त्या बंद दाराकडे पाहून हळूच दुआ केली आणि पुढे निघाले. चेहऱ्यावर राग नव्हता, ओढूनताणून आणलेलं हसूही नव्हतं. खरंच आनंदी होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पाणचक्की दाखवायला नेलं. डोंगराकडून काही किलोमीटर मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं. त्याच पाण्यावर जातं फिरायचं आणि खानकाहच्या लंगरसाठी पीठ निघायचं. मी त्यांना सांगितलं की इथे बाबा शाह मुसाफिर यांची मजार आहे. नक्शबंदी सिलसिल्याचे हे बुजुर्ग मूळचे बुखाराजवळच्या गिज्दुवानचे. औरंगजेबाच्या काळात ते आमच्या शहरात आले आणि इथलेच झाले. घर इतक्या दूर सोडलेले हे बुजुर्ग ‘मुसाफिर’ याच नावाने ओळखले जातात.

बापाक खूप वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “उस्ताद, हमारे जावा में भी ऐसे बुजुर्ग.” जावाच्या ग्रेसिक गावी मलिक इब्राहिम यांची कबर आहे. तिच्यावरचा दगड १४१९ सालचा. पुढे मी वाचलं, तेव्हा कळलं की त्या दगडाचं कोरीवकाम आपल्या गुजरातमधल्या खंबायतच्या कबरींसारखं आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि त्यांच्या बेटाचा असा संबंध होता, आणि आज त्या बेटावरचा शेतकरी माझ्या गल्लीत सलाम करत फिरत होता.

हौदाच्या काठावर मी त्यांना विचारलं, “बापाक, लोक दार लावून घेतात, तुम्हाला वाईट नाही वाटत?”

उत्तरादाखल त्यांनी ताइफची हकीकत सांगितली. आपण सगळ्यांनी ती लहानपणापासून ऐकली आहे. नबुव्वतच्या दहाव्या वर्षी पैगंबर मुहम्मद (स.) हजरत झैद (रजि.) यांना सोबत घेऊन ताइफला गेले. तिथल्या सरदारांनी थट्टा करून त्यांना परतवलं आणि पोरांना मागे लावलं. दगडांनी पाय रक्ताळले. थकून आप (स.) एका बागेच्या सावलीत बसले. अल्लाहकडे फिर्याद केली ती स्वतःच्या दुबळेपणाची, ताइफवाल्यांच्या नाशाची मागणी केली नाही. पहाडांचा फरिश्ता हुकुमासाठी हजर झाला, तेव्हाही हीच आशा बोलून दाखवली की यांच्या पुढच्या पिढ्यांत एका अल्लाहची इबादत करणारे निघतील. आणि तसंच झालं. हिजरी ९ मध्ये त्याच ताइफचं शिष्टमंडळ मदिनेला येऊन मुसलमान झालं.

हे सगळं मला माहीत होतं. पण बापाकनी बोट ठेवलं ते दुसरीकडेच. “उस्ताद, पूरा शहर पत्थर दिया. एक आदमी अंगूर दिया.” त्या बागेत अद्दास नावाचा निनेवाचा एक ख्रिस्ती गुलाम होता. मालकांच्या सांगण्यावरून त्याने द्राक्षांचा घड आणून दिला. आप (स.) यांनी बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला, तेव्हा तो चकित झाला. त्या दिवशी ताइफमध्ये ज्याच्या मनाचं दार उघडलं तो हा परका, गरीब गुलाम. “हम पत्थर नै गिनता,” बापाक म्हणाले, “हम अंगूर देखता.”

निघताना अम्मीने त्यांच्यासाठी डब्यात खिचडा भरून दिला. बापाकनी माझ्याबरोबर फोटो काढला, नंबर घेतला आणि जमात पुढच्या जिल्ह्याला रवाना झाली.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देश बंद झाला. मग निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि दिवसरात्र टीव्हीवर एकच विषय सुरू झाला. आजार जणू जमातवाल्यांनीच आणला. जिथे तिथे परदेशी जमातींवर गुन्हे दाखल होत होते. आमच्या घरापुढे भाजीची गाडी थांबेनाशी झाली.

एप्रिलमध्ये माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. “सर, ते परदेशी लोक तुमच्याच मशिदीत होते ना? तुम्ही त्यांच्याबरोबर फिरत होता म्हणे?” बापाक आमच्याकडून जाऊन दोन महिने झाले होते. लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, “नाही हो. मशिदीत कोण येतं, कोण जातं, मला काय माहीत? मी नाही ओळखत कुणाला.”

फोन ठेवला आणि तो फोटो पुसून टाकला. नोकरी, मुलं, म्हातारी आई, सगळी कारणं माझ्याजवळ तयार होती.

रमजान सुरू झाला. तरावीह घरातच पढत होतो. दुसऱ्या अशऱ्यात एका दुपारी फोन वाजला. बापाकचा नंबर. मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. मग एक आवाजी संदेश आला. तो ऐकायचीही हिंमत झाली नाही. वाटलं, मदत मागत असतील, जामीन, वकील, साक्ष. ज्या दारांची मला लाज वाटली होती, त्यांच्यात आता माझंही एक दार होतं, आणि आत मी झोपल्याचं सोंग घेऊन बसलो होतो.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आमच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला. अहमदनगर जिल्ह्यातल्या २९ परदेशी जमातवाल्यांवरचे गुन्हे रद्द झाले. सोबत ज्या स्थानिक लोकांवर त्यांना आसरा दिल्याबद्दल गुन्हे नोंदवले होते, तेही सुटले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशिया अशा सहा देशांतले हे लोक. संकटकाळात सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या परदेशी पाहुण्यांना तसं निवडलं गेलं असावं, असं न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालात लिहिलं. माध्यमांनी केलेल्या प्रचारावरही त्यांनी कडक शब्दांत बोट ठेवलं. दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं.

आमचे बापाक त्या २९ जणांत नव्हते. पण बातमीत ‘इंडोनेशिया’ हा शब्द वाचला आणि हात थरथरला. ज्यांचा या लोकांशी काही संबंध नव्हता, त्या न्यायमूर्तींनी माझ्याच शहरात बसून खरं बोलायची हिंमत दाखवली होती. आणि मी, ज्याने त्यांच्याबरोबर एका दस्तरखानवर जेवण केलं होतं?

त्या रात्री तो संदेश उघडला. अवघ्या काही सेकंदांचा होता. “अस्सलामु अलैकुम उस्ताद. हम ठीक. सब का रोजा. टीवी बोलता औरंगाबाद में बहुत बीमारी. आप ठीक? अम्मी ठीक? दुआ करता.”

मदत मागायला नव्हे, माझी खबर घ्यायला फोन केला होता त्यांनी. मी अम्मीला उठवून संदेश ऐकवला आणि सगळं कबूल केलं. अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग एवढंच म्हणाली, “मेहमान का फोन नै उठाया तू?” आयुष्यात मला इतका मोठा मार कधी बसला नव्हता.

सकाळी फजरनंतर मी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मी रडत रडत माफी मागितली. फोटो पुसला तेही सांगितलं. पलीकडून तेच हसू ऐकू आलं. मग ते उत्साहाने सांगू लागले. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना एका इमारतीत विलगीकरणात ठेवलं होतं. लोक लांबून नावं ठेवत. पण तिथे झाडलोट करायला येणारा एक माणूस होता, मुसलमान नव्हता. टाळेबंदीत बाजार बंद, शेतातली द्राक्षं वेलीवरच सुकू लागलेली. त्याने घरून एक पिशवी भरून आणली, दाराशी ठेवली आणि हात जोडले.

“उस्ताद,” बापाक म्हणाले, “अंगूर मिला!”

काही महिन्यांनी ते सुखरूप मायदेशी परतले. आता ईदला त्यांचा फोन येतो, किंवा मी करतो. वाजू दिला असं पुन्हा कधी झालं नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, दीनची दावत असो, शाळेचं रजिस्टर असो की रुसलेल्या भावाचं घर, नाकारलं जाण्याची भीती आपल्याला दारापर्यंतच जाऊ देत नाही. हजरत नूह (अ.) साडेनऊशे वर्षं आपल्या कौमला बोलावत राहिले, सोबत थोडेच आले. कुरआनने त्यांना अपयशी म्हटलेलं नाही. हिशेब पोहोचवण्याचा आहे, मनवण्याचा नाही. बापाकना गल्लीतून फिरताना जो आनंद होई तो याचाच होता. निकालाचं ओझं त्यांनी खांद्यावरून उतरवून ज्याचं त्याच्याकडे सोपवलं होतं. मला आणखी एक गोष्ट कळली. कुणीतरी आपल्यापुढे दार लावून घेतं, तेव्हा आत बहुतेक दुष्टावा नसतो, भीती असते. मी स्वतः त्या दाराआड बसून पाहिलं आहे. म्हणून आता बंद दाराचा राग येत नाही.

त्या दिवशी पटनोंदणीत दुपारपर्यंत आम्ही साठेक दारं ठोठावली. चार नावं मिळाली. शेवटचं नाव एका विधवा बाईच्या नातीचं. शेजारणीने आम्हाला परतवलं, हे ऐकून त्या स्वतः चपला न घालता गल्लीत धावत आल्या होत्या. नव्या मॅडमनी रजिस्टरमध्ये ते नाव लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “लिहा मॅडम. हे द्राक्ष.”

त्यांना अर्थ कळला नाही. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा कळेल.

अल्लाह आपल्याला ठोठावणारे हात देवो, आणि कुणी आपलं दार ठोठावलं तर उघडण्याची हिंमतही देवो. आमीन.