गाडीतला मुक्काम... पण चोरून नको, बॉस!

गाडीतच झोपायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हा फंडा सध्या आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मंडळींच्या डोक्यात आहे. लॉजचं बिल नाही, चेक-आउटची घाई नाही, शुक्रवारी लॅपटॉप मिटला की निघायचं! महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ती ऐटबाज कॅरॅव्हॅन आपल्या ईएमआयच्या रांगेत कुठे बसायला? म्हणून आपला देशी जुगाड. मारुती ईको, मागच्या सीटच्या उंचीला बेतलेली सुटी प्लायवूडची फळी आणि वर गादी. फळी सुटीच ठेवा हं. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

शहरात हे सगळं मस्त जमतं. जिथे रात्रभर गाड्या उभ्याच असतात, तिथे आपली एक जास्त. मोठ्या हॉस्पिटलबाहेरचा रस्ता घ्या, नाहीतर स्टेशनजवळचं पार्किंग. जेवणखाण उरकून उशिरा यायचं, मॉर्निंग वॉकवाले निघायच्या आत सटकायचं. काळे पडदे, आत दिवा नाही, दार एकदाच लावायचं. दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड. कितीही उकडलं तरी इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही.

एवढा अभ्यास करून आम्ही दोघं मित्र गेल्या सप्टेंबरात नागपूरहून काटोलमार्गे नरखेड तालुक्यात शिरलो. संत्र्यांचा मुलूख! 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं इथल्याच पट्ट्यातलं. आंबिया बहाराची फळं अजून हिरवीच होती. दिवाळीच्या आगेमागे ती रंगावर येतात, तेव्हा ट्रकच्या ट्रक भरून निघतात. नरखेड स्टेशन म्हणजे इटारसी-नागपूर लाइनवरचं जंक्शन, अमरावतीची लाइन इथूनच फुटते. तिथे चहा मारला आणि अंधार पडल्यावर मोवाडकडे वळलो. वर्धा नदीच्या काठी एक झाडाखालची जागा दिसली. ना दिवा, ना माणूस. सॉलिड! पडदे ओढले आणि आडवे झालो.

साडेअकराला काचेवर काठी वाजली.

‘कोन आहे बे आत?’

बाहेर टॉर्च आणि तीन माणसं. पुढचे काका बागेत जागलीला होते. रात्री रोही आणि रानडुकरं येतात, विहिरीवरच्या मोटारी आणि केबलही चोरीला जातात. अशा ठिकाणी पडदे लावलेली, दिवे विझवलेली अनोळखी गाडी. त्यांच्या जागी मी असतो तर काय समजलो असतो?

‘काका, आम्ही नागपूरचे. फक्त झोपायला थांबलो.’

‘मंग आधी सांगाले काय झालं होतं? अन् झोपाले नदीच भेटली काय?’

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. काकांनी गाडी वर गावात घ्यायला लावली. एका घराच्या अंगणात ती उभी राहिली आणि काकूंनी ‘जेवले काय?’ विचारत पाण्याचा तांब्या दिला. मग ओट्यावर बसून काका एक्याण्णवचा पूर बोलले. 30 जुलै 1991. वर्धेचं पाणी मोवाडमध्ये घुसलं आणि 204 माणसं गेली. पुढे गाव उंचावर नव्यानं वसवलं. ‘वरती पाऊस झाला की इथं पानी वाढते. आभाय कोरडं असलं तरी वाढते,’ काका म्हणाले. त्या रात्री आभाळ कोरडंच होतं. नदीही शांतच राहिली. पण वाढली असती तर? आम्ही तिथे आहोत, हे कुणालाच माहीत नव्हतं. तशी सोय आम्हीच मोठ्या हौसेनं केली होती.

शहरात कुणी आपल्याला ओळखत नाही, म्हणून लपणं सोपं. गावात मात्र नवी गाडी लगेच नजरेत भरते. तुम्ही लपलात की संशय येतो, आणि सांगितलंत की पाहुणे होता. त्यामुळे आता आमचा नियम साधा आहे. उजेड असतानाच गावात पोहोचायचं. पानठेला, देऊळ किंवा ढाबा गाठून ‘दादा, रात्री गाडी कुठं लावू?’ एवढंच विचारायचं. पावसाळ्यात नदी-नाल्याचा काठ बाद, व्ह्यू कितीही भारी असो. शहरात झोपणार असाल, तर एका मित्राला लोकेशन पाठवून ठेवायचं.

सकाळी काकूंचा चहा झाला. निघताना काकांनी काचेवर टकटक केलं. रात्रीच्यासारखंच, पण या वेळी काठीऐवजी बोटांनी. ‘डिसेंबरात या, संत्री खाले. अन् सरळ घरी या.’

पडदे आम्ही अजूनही लावतो. त्याआधी फक्त कुणाला तरी सांगतो, की आत माणसं झोपली आहेत.