चार अंशांचा तांब्या

माझी गोष्ट परत आली ती तांब्यावरच्या दवामुळे.

'एससीपी फाउंडेशन' हा जगभरच्या हौशी लेखकांनी मिळून उभा केलेला एक काल्पनिक कारभार आहे. निसर्गनियम मोडणाऱ्या घातक वस्तू पकडून कोंडून ठेवणारी एक गुप्त संस्था आणि प्रत्येक वस्तूची सरकारी थाटाची फाइल. गोष्ट सांगायची ती या फायलीतूनच. सुरुवात २००७ साली एका निनावी मजकुराने झाली: क्रमांक १७३, काँक्रीटचा पुतळा. कुणी बघत नसलं की तो हलतो आणि माणसाची मान मोडतो. म्हणून त्याच्या खोलीत किमान तिघांनी जायचं, दोघांनी त्याच्यावर नजर ठेवायची, पापणी मिटण्याआधी एकमेकांना सांगायचं. पुतळा का हलतो, याचं स्पष्टीकरण नाही. त्या खोलीतली घाण नियमित साफ करायची, हे मात्र नमूद आहे. मला तो पुतळा खरा वाटला तो या झाडलोटीमुळे.

हे कळायला मला वेळ लागला. मी रासायनिक कारखान्यात नोकरी केलेला माणूस. विज्ञान म्हणजे आपलं घरचं, अशी समजूत. माझी वस्तू होती एक पितळी तांब्या, कायम चार अंश सेल्सिअसवर राहणारा. कथा मुंबईतल्या एका गोदामात, जुलै महिन्यात. तांब्या गार का, हे समजावायला मी क्वांटम वगैरे शब्द पेरून दोन परिच्छेद लिहिले. (आता वाचताना कसंनुसं होतं.)

मसुदा तपासणाऱ्या अनोळखी वाचकाने ते दोन्ही परिच्छेद काढायला सांगितले. तांब्या नियम मोडतो, हे मान्य. पण हवेने नियम मोडलेला नाही, असं त्याचं म्हणणं. मुंबईच्या पावसाळी हवेत चार अंशांच्या पितळेवर अखंड पाणी सुटेल. ते कुठे जातं? खाली ताटली आहे का? ती कोण ओततं? मग मी गणित करत बसलो. तीस अंशांचं लिटरभर पाणी त्यात ओतलं, तर चार अंशांवर येताना ते सुमारे १०९ किलोज्यूल उष्णता सोडणार. हजार वॉटचा हीटर जवळजवळ दोन मिनिटं चालला तर तेवढी लागते. ती जाते कुठे, हे मला सांगता येत नव्हतं. पण फायलीतल्या कुणाला तरी हा प्रश्न पडायला हवा होता. शिवाय दर दोन तासांनी ताटली ओतणारा एक वॉचमन हवा होता. तो आला आणि गोष्ट हलली.

त्या वाचकाची दुसरी शंका मात्र मला झोंबली. मी तापमानाची नोंदवही जोडली होती: ४.०, ४.०, ४.०, रात्रभर. त्याने विचारलं, "तुमचा माणूस थर्मामीटर वाचतोय की मागच्या ओळीवरून उतरवतोय?"

उत्तर मला माहीत होतं. कारखान्यात टाकीत माणूस उतरवण्याआधी आणि नंतर दर तासाला आतला ऑक्सिजन मोजायचा, परमिटवर लिहायचा, असा नियम होता. साधारण हवेत तो २०.९ टक्के असतो. एका रात्रपाळीत मी पहिलं रीडिंग टाकीच्या तोंडाशी उभं राहून घेतलं. पुढची दोन टेबलाशी बसून लिहिली: २०.९, २०.९. नायट्रोजनचा एक व्हॉल्व्ह गळत होता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घुसमटही जाणवत नाही. आत उतरलेला मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बेशुद्ध पडला. दोर बांधलेला होता म्हणून त्याला ओढून काढता आलं, तो वाचला. चौकशीच्या अहवालात 'संबंधित कामगारास अस्वस्थ वाटले' असं वाक्य आहे. ते मीच लिहिलं. परमिटवरच्या आकड्यांना कुणी हरकत घेतली नाही. शुद्ध हवेचा आकडा तोच असतो ना.

फाउंडेशनच्या फायलींची भाषा हुबेहूब जमते, असं माझं कौतुक होत असे. जमणारच.

नवीन मसुद्यात वॉचमनची वही बदलली. ४.१, ३.९, ४.०, मग एका ओळीत नुसतं 'ताटली भरली, ओतली'. पहाटे चारला तो झोपला होता. तो रकाना मी कोरा ठेवला.