आत्याला वंशावळीत घ्या

‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ या प्रश्नाला आमच्या ओपीडीत बहुधा ठाम ‘नाही’ असंच उत्तर येतं. मग मी कागदावर वंशावळ काढायला घेते. आई, मावश्या, आजी यांची माहिती भराभर मिळते. वडिलांच्या बाजूला पेन अडतं. ‘आत्या ना? पोटात पाणी झालं होतं, त्यातच गेल्या.’ पन्नाशीच्या आत अशी गेलेली आत्या आणि समोर चाळिशीतली, स्तनाचा कर्करोग झालेली तिची भाची. कुटुंबाच्या लेखी हे दोन वेगळे आजार असतात. मला मात्र आत्याला अंडाशयाचा कर्करोग असावा आणि दोघींमागे बीआरसीए जनुकाचा एकच दोष, असा संशय येतो.

बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं. बीआरसीए-२ तेराव्यावर आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते बिनचूक सांधायचे, हे या दोघांचं काम. जन्मतःच एक प्रत सदोष असेल आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, तर तिथली दुरुस्ती थांबते आणि चुका साचत जातात. बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के. बीआरसीए-२ मध्ये स्तनाचा धोका जवळपास तेवढाच, अंडाशयाचा १७ टक्क्यांच्या आसपास. (हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांचे आहेत, म्हणून मी ते रुग्णाला जपूनच सांगते.) दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. बाप स्वतः ठणठणीत असू शकतो, आणि तिथेच सगळे फसतात.

गंमत म्हणजे ज्याला आपण अंडाशयाचा म्हणतो, तो कर्करोग पुष्कळदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो. हे कळलं ते बीआरसीए-दोष असलेल्या स्त्रियांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या बीजवाहिन्या तपासताना. आणि ओलापॅरिबसारखं औषध अशा रुग्णांत स्तनावरही चालतं, अंडाशयावरही.

स्तन आणि अंडाशय ही एक जोडी झाली. दुसरी जोडी गर्भाशयाच्या अस्तराची आणि मोठ्या आतड्याची, म्हणजे लिंच सिंड्रोम. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं पॅथॉलॉजिस्ट वॉर्थिन यांना सांगितलं होतं, की घरातले इतर गेले तशी मीही आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं जाणार. पुढे ती गर्भाशयाच्याच कर्करोगानं गेली. तिच्या घराण्याची नोंद वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. जनुकं सापडायला आणखी ८० वर्षं लागली. बाईला मात्र ते आधीच दिसलं होतं.

उगाच घाबरू नका. स्तनाच्या कर्करोगांपैकी असे सरळ आनुवंशिक पाच ते दहा टक्केच. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्यावर लस आहे.

पण या भाऊबीजेला आत्या भेटल्या की त्यांच्या बाजूचं नीट विचारून घ्या: कुणाला, कितव्या वर्षी, कोणत्या अवयवाचा. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर थांबू नका, का काढली ते विचारा. बायोप्सीचा जुना रिपोर्ट रद्दीत घालू नका. आणि चाचणी करायचीच झाली तर शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करा. तिच्यात दोष सापडला, तरच निरोगी मुलीच्या ‘निगेटिव्ह’ निकालावर विसंबता येतं.