हवेवरचे बिऱ्हाड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्याकडच्या माणसाला मोटारगाडी म्हटली की प्रथम एस.टी. आठवते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या गाड्यांचा भार पोलादी पाट्यांनीच वाहिला. एकावर एक रचलेल्या या पाट्यांचा एक गुण असा की, ते मोडले तर मोडलेले दिसतात. चालक खाली वाकतो, बॅटरी मारतो आणि सांगतो, "पाटा तुटला." विषय संपला. पण पाट्यांच्या जागी हवा आली आणि गाडीचे दुखणे दिसेनासे झाले. अमेरिकेत १९५३ मध्ये जनरल मोटर्सने लांब पल्ल्याच्या बसगाड्या हवेच्या फुग्यांवर आणल्या. आपल्या देशात २००१ पासून व्होल्वोच्या बसगाड्या धावू लागल्या आणि पुढे इतर खासगी गाड्यांखालीही हे फुगे दिसू लागले.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरी अण्णा म्हणतो, अशाच एका गाडीवर चालक होते. गाडी यात्रेची. नांदेडहून निघून लातूर, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर असे देव करीत ती आठ-आठ दिवस हिंडे. परदेशात हौशी लोक सगळे घरच गाडीवर घेऊन फिरतात, त्याला मोटरहोम म्हणतात, असे मी वाचले आहे. आमची गाडी म्हणजे त्या मोटरहोमची गरीब बहीणच! टपावर गाद्या आणि सतरंज्या, डिकीत शेगडी, पातेली, पिठाचे डबे, सोबत एक स्वयंपाकी आणि रात्र झाली की मधल्या वाटेतही पथाऱ्या. दिवाळीच्या सुटीत मी त्या गाडीवर क्लीनर म्हणून जात असे. वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघे.

ही हवा काम कशी करते ते थोडक्यात सांगतो. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. ही हवा आधी ब्रेकला मिळते आणि ब्रेकचे पोट भरले की मग रबरी फुग्यांना. मिस्त्री लोक त्यांना 'बलून' म्हणतात. प्रत्येक फुग्यात किती हवा जावी हे ठरवणारा एक लहानसा व्हॉल्व्ह गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो. त्याला एक हात असतो आणि तो हात एका बारीक दांडीने खाली अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माणसे चढली, गाडी दबली, की हात वर उचलला जातो आणि व्हॉल्व्ह हवा भरतो. माणसे उतरली, गाडी उचलली गेली, की हात खाली येतो आणि जास्तीची हवा सोडून दिली जाते. कोणी न सांगता गाडी आपली उंची सांभाळते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही संध्याकाळी नांदेड सोडले. लोहा मागे पडले, खंडोबाचे माळेगाव मागे पडले आणि अहमदपूर यायच्या आधीच मागून एका आजीबाईंचा आवाज आला, "डायवरदादा, गाडी एकीकडं वाकडी झाली की ओ!" अण्णांनी गाडी कडेला घेतली. डावीकडची मागची बाजू वीतभर खाली बसली होती. भोवती माणसे जमली. स्वयंपाकी म्हणाला, "फुगा फाटला." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कोणी म्हणाले, सामान एका बाजूला झाले असेल.

अण्णांनी कोणालाच उत्तर दिले नाही. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवले. सामानाची पोती डावीकडून उजवीकडे सरकवली. गाडी तशीच वाकडी. म्हणजे भाराचा दोष नव्हता. मग इंजिन चालू ठेवून हवेचा काटा पाहिला. तो ८ बारच्या जवळ स्थिर होता. म्हणजे कॉम्प्रेसर ठीक होता. मग इंजिन बंद करून मला म्हणाले, "कान लाव. आवाज यायलाय का?"

"न्हाई अण्णा."

"मग फुगा फाटला न्हाई. फाटला असता तर हवा भरत ऱ्हायली असती, फुसफुस ऐकू आली असती अन् काटा बी उतरला असता. ह्याला हवा मिळंनाच झाली. कामून मिळंना, ते बघायचं."

वाचकहो, त्या अंधाऱ्या रस्त्यावर माझ्या अंगावर काटा आला. त्याच सत्रात आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मिल साहेबाच्या पद्धती शिकवल्या होत्या. जॉन स्टुअर्ट मिलचा तो ग्रंथ १८४३ सालचा. अन्वय, व्यतिरेक, सहपरिवर्तन, अवशेष, अशी नावे मी पाठ केली होती. आणि इथे चौथी शिकलेला एक माणूस एकेक कारण बाजूला सारीत, आवाज नसण्यालाही पुरावा मानीत पुढे चालला होता.

चाकांना दगड लावले. सांगाड्याखाली जॅक देऊन लाकडी ठोकळे रचले, कारण नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली डोके घालायचे नाही, हा अण्णांचा पहिला नियम. मग फुग्यावर आणि नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावले. बुडबुडा नाही. शेवटी बॅटरीचा उजेड व्हॉल्व्हवर पडला. त्याचा हात खाली लोंबत होता. दांडीच्या टोकाचे रबर झिजून ती खिळीतून निसटली होती. हात खाली गेला, म्हणून व्हॉल्व्हला वाटले गाडी फार उंच झाली, आणि त्याने फुगा रिकामा करून टाकला. अण्णांनी तो हात बोटाने वर उचलला. सूं करून हवा भरली. खाली सोडला, हवा गेली. बाकी सारे तेच, फक्त एक गोष्ट बदलली आणि परिणाम बदलला. यालाच व्यतिरेक पद्धती म्हणतात! दांडी जागेवर बसवून तिला जुन्या ट्यूबची पट्टी आणि तार गुंडाळली. गाडी सरळ उभी राहिली.

या सगळ्याला दीड तास लागला. त्या दीड तासात मालकाचा फोन चार वेळा आला. "तशीच लातूरपर्यंत आणा, पुढचे पुढे बघू," असे त्यांचे म्हणणे होते. अण्णा प्रत्येक वेळी एकच बोलले, "मालक, कारण कळल्याबिगर गाडी हलायची न्हाई. ब्रेकची हवा बी तिथूनच येती." सावकाश चालवीत आम्ही लातूरला पोहोचलो आणि गॅरेज उघडल्यावर नवी दांडी घातली. तुळजापूरचा पहाटेचा अभिषेक मात्र हुकला. यात्रेकरूंनी पैसे परत मागितले. त्या फेरीनंतर मालकाने अण्णांना बोलावले नाही. आता अण्णा दुसऱ्याच्या मालट्रकवर आहेत. त्या ट्रकला पाटे आहेत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचे शिक्षण' असा रकाना असतो. तिथे मी 'चौथी' असे लिहितो आणि ते खरेही आहे. पण त्या रात्रीपासून तो रकाना मला अपुरा वाटतो. महाविद्यालयाने मला काही दिले नाही, असे मी म्हणणार नाही. अण्णा जे करतात त्याला नाव आहे, ते एका मोठ्या ग्रंथात मांडलेले आहे, हे मला इथेच कळले. मी ते घरी समजावून सांगितले तेव्हा आई हसली आणि अण्णा म्हणाले, "मग तो साहेब बी गाडीवर होता का?"

पण एक गोष्ट मला तासाला कळली नव्हती. कारण शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी मजुरीतून जातो. 'फुगा फाटला' म्हणणे सोपे असते, 'तशीच आणा' म्हणणे त्याहून सोपे. खरे कारण हाती येईपर्यंत जागचे न हलणे ही तर्कशास्त्राची अशी बाजू आहे, जिला गुण नाहीत. तिची किंमत मात्र आमच्या घरी मोजली गेली.

आमच्या सरांना एक विनंती आहे. व्यतिरेक पद्धतीवर परीक्षेत प्रश्न आला, तर मी पुस्तकातले उदाहरण न देता हेच देणार आहे. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि दांडीची आकृती काढावी लागेल, तेव्हा एक पुरवणी जास्त मिळावी.