दोन धडधडी

खडवली स्टेशनचा पूल मी वीस वर्षं चढत-उतरत आलो, पण त्याला पायऱ्या किती ते ठाऊक नव्हतं. कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल गाठायची असताना पायऱ्या मोजतो कोण! अ‍ॅब्लेशननंतर मोजायला लागलो. दहा पायऱ्या, मग कठड्याला टेकणं, मग डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. ठोका तिथून निघतो, स्वस्थ बसलेल्या माणसाचा साधारण मिनिटाला ६० ते १००. माझ्या वरच्या कप्प्यांत मात्र तीनशेहून अधिक इशारे वाटेल तसे उठत होते. एट्रियल फिब्रिलेशन. छातीत ठोका नव्हताच, खोलीत कोंडलेल्या चिमणीची फडफड होती. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की असे बरेचसे इशारे फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उठतात. म्हणून जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात आणि त्या तोंडांभोवती बारीक डाग देतात. हेच अ‍ॅब्लेशन. कावीळ झालेल्या पोरांना डागत, तो आजीच्या काळातला अघोरी प्रकार आठवून माझ्या अंगावर काटा आला होता. हे डाग म्हणजे कुंपण: आत काहीही उठो, बाहेर पडत नाही.

जखमा भरायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात पुन्हा फडफडलं, तरी उपचार फसला असं समजायचं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला तोंडपाठ होतं, छातीला नव्हतं. चढावर धडधडायला लागलं की पाय जागीच थांबत. चालल्यावर छाती धडधडायचीच, शाळकरी पोरालाही कळतं. पण दीड वर्ष मी धडधड ओळखत होतो ती एकच.

ठोके मंदावणारी गोळी चालू होती. तिच्यामुळे घड्याळातला आकडा फारसा चढत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य मधेच तुटता कामा नये. तुटलं तर वेग कमी करायचा. मग बोलायला कुणीतरी हवं, म्हणून बायको बरोबर यायला लागली.

आम्ही भातसा नदीपर्यंत जायचो. भात कापलेल्या खाचरांत वाल वर आला होता. ती विचारायची, मी उत्तरं द्यायचो. वालाचा भाव, तिच्या भावाचं घर, गॅसचा नंबर. प्रश्न ती मुद्दाम लांबलचक उत्तराचे काढायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. लहानपणी याच नदीत मी पालथा पडून राहायचो. आता रक्त पातळ करणारी गोळी घेतो, शेवाळलेल्या दगडावरून घसरणं परवडणारं नाही. काठावर बसून पाय तेवढे पाण्यात सोडायचो.

पौषातल्या एका सकाळी परतीच्या चढावर छाती धडधडली. बोटं मनगटाकडे गेली. जोरात, पण एकामागे एक, सारख्या अंतराने, रुळांच्या सांध्यांवरून गाडी जावी तसे ठोके. फडफडीत मोजायला काही सापडत नसे. इथे मी तीस मोजले, चाळीस मोजले. मोजता मोजता चालतच होतो. हे धावणाऱ्याचं धडधडणं होतं. मला ते किती वर्षांनी भेटत होतं! बोटं सुटली कधी ते कळलं नाही. तिच्या भावाच्या घराचा विषय अर्धा राहिला होता, तो मी पुढे चालू केला. स्लॅब, विहीर, मजुरी, सगळं सांगत राहिलो.

बराच वेळ मागून हूं की चूं नाही. वळून पाहिलं, तर ती पंधरा-वीस पावलं खाली, कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली, "मला दम लागलाय."